डाग नसलेलं कार्ड

कारखान्यात त्याला सगळे पाना म्हणत. उंच, हडकुळा, मान एका बाजूला कललेली, म्हणून हे नाव पडलं असं नव्या लोकांना वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. चार हातांवरून नट बघून त्याला कितीचा पाना लागेल हे तो सांगायचा, आणि ते कधी चुकायचं नाही. पगाराच्या कागदावरचं त्याचं नाव घरातही कुणी घेत नसे. बायको शेजारणीला सांगायची, "आमचे पाना आज उशिरा येणार."

कारखाना खोक्यांचा. पुठ्ठ्याचे तक्ते एका दारातून आत यायचे, त्यांना खाचा पडायच्या, घड्या पडायच्या, आणि दुसऱ्या दारातून खोकी बाहेर जायची. पाना तिथे विसाव्या वर्षी लागला तो गाडीत माल चढवायला. सात वर्षं त्याने पाठीवर पुठ्ठा वाहिला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे आडवे व्हायचे, हा म्हाताऱ्या फिटरच्या मागे उभा राहायचा. पहिलं वर्ष फिटरने त्याला फक्त रॉकेलचा डबा धरायला दिला. दुसरं वर्ष नट धुवायला. तिसऱ्या वर्षी हातात पाना दिला आणि म्हणाला, "शेवटचा अर्धा वेढा डोळ्याला दिसत नाही. तो मनगटाला कळतो. कळेपर्यंत शिकायचं." कळायला आणखी दोन वर्षं गेली. त्यानंतर पाना फिटर झाला आणि पंचवीस वर्षं फिटरच राहिला. त्याने आवळलेला नट आपोआप सुटला, असं एकदाही झालं नाही.

त्याचं घोडं अडलं ते एका कार्डापाशी.

कारखान्याची पद्धत अशी होती. प्रत्येक मशीनच्या मेन स्विचला एक किल्ली. मशीन दुरुस्तीला घेतलं की फिटरने स्विच बंद करायचा, किल्ली काढायची आणि खिडकीत नेऊन द्यायची. खिडकी म्हणजे शेडच्या टोकाला लाकडी जाळीची एक खोली. तिथे भिंतीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्यावर मशीनचा नंबर. किल्ली खिळ्याला लागली की फिटरला जॉब कार्ड मिळायचं. काम झालं की कार्डामागे काय केलं ते लिहायचं, सही करायची, कार्ड खिडकीत द्यायचं. कार्ड आत गेलं तरच किल्ली बाहेर. किल्ली मशीनवाल्याच्या हातात पडली की मशीन सुरू. मध्ये दुसरी आडकाठी नाही.

पंचवीस वर्षं पाना नुसती सही करत आला. मागचा मजकूर सुपरवायझर लिहायचा, आपल्या भाषेत, दोन ओळी. मग कारखाना दुसऱ्यांनी घेतला. नव्या मालकांचे कागद बघणारे लोक लांबचे, त्यांना आपली भाषा येत नव्हती. त्यांनी नियम काढला. कार्ड इंग्रजीत लिहायचं, आणि ज्याने काम केलं त्यानेच स्वतःच्या हाताने लिहायचं. तीन महिन्यांची मुदत. त्यानंतर इंजिनिअर मॅडम प्रत्येक फिटरला एक काम देणार आणि त्याचं कार्ड त्याच्याकडून लिहून घेणार. ज्याला जमणार नाही तो फिटर राहणार नाही. त्याला माल चढवायला पाठवणार.

पाना सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षरं ओळखायचा, कारण पान्यांवर ती कोरलेली असतात. त्यापुढे अंधार. बावन्नाव्या वर्षी पुन्हा पाठीवर पुठ्ठा येणार होता. लाज पाठीची नव्हती. पाठीने वाहिलं असतं. पण हाताला जे येत होतं ते मातीत जाणार होतं.

तो खिडकीपाशी गेला.

खिडकीत बाई बसायच्या. त्यांनाही नावाने कुणी हाक मारत नसे, नुसतं बाई. पानापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. सुरुवातीला त्या घडीच्या टेबलावर होत्या. दिवसभर अंगठ्याने पुठ्ठ्याची घडी मोडायची. त्या कामाने त्यांचा उजवा अंगठा चमच्यासारखा चपटा झाला होता. इंग्रजी त्या खोक्यांवरून शिकल्या. खोक्यावर जे छापलेलं असेल ते वाचायचं, अर्थ कुणाला तरी विचारायचा, घरी जाऊन वहीत उतरवायचं. वरची बाजू कुठली, काय मोडेल, काय भिजेल, आत नग किती, यातून सुरुवात झाली. मग जुन्या बाजारातून पुठ्ठा निघालेला शब्दकोश आणला आणि पुठ्ठा अर्थातच कारखान्यातला लावला. सात वर्षांनी त्या खिडकीत बसल्या, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. त्यांच्या हातून एकही किल्ली चुकीच्या माणसाकडे गेली नव्हती.

पाना जाळीशी उभा राहिला आणि रिकामं कार्ड उलटसुलट करू लागला.

"बोल की," बाई म्हणाल्या. "मौनव्रत घेतलंस का?"

"बाई, मला शिकवाल का?"

"काय?"

"हेच. इंग्रजी."

"सगळं?"

पाना घाबरला. "सगळं नको. कार्डापुरतं."

"मग ठीक. सगळं मलाही येत नाही. जेवणाच्या सुट्टीत यायचं. जेवण वीस मिनिटांत उरकायचं, उरलेला वेळ माझा. एक दिवस चुकवलास तर दुसऱ्या दिवशी खिडकी बंद."

त्याने एकही दिवस चुकवला नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी रद्द कार्डांचा गठ्ठा पुढे टाकला. रद्द कार्डाचा एक कोपरा कापलेला असे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं.

"इंग्रजीत क्रियापदं हजारो आहेत," बाई म्हणाल्या. "तुला एक पुरे. तू काय करतोस?"

"फिटर आहे."

"आहेस ते माहीत आहे. करतोस काय?"

"काम करतो."

"तेवढंच तर लिहायचंय. करणे. डू. करतो तेव्हा डू. केलं तेव्हा डिड. आणि करून झालं, पूर्ण झालं, आता मशीन चालवा, तेव्हा डन."

"तीन वेगवेगळे शब्द?"

"एकच शब्द. बाकीचे बरेचसे सरळ असतात, शेपूट लावलं की कालचे होतात. हा वाकडा आहे. काल गेला की चेहराच बदलतो."

"आमच्या साडूसारखा," पाना म्हणाला.

बाई हसल्या नाहीत, पण जाळीमागे काहीतरी हललं.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोही इथेच, खाचा पाडायच्या मोठ्या मशीनवर. बडबड्या, मनाने साफ, आणि घाईचा. त्याला मशीन बंद असलेलं बघवत नसे. पाना कार्डं घेऊन खिडकीकडे निघाला की तो मागून ओरडायचा, "चालले साहेब! येताना माझ्यासाठी पण एक टाय आणा!"

महिनाभर पाना तोंडातल्या तोंडात डू, डिड, डन घोकत होता. पाना फिरवताना, सायकलवर, जेवताना. बायको म्हणायची, "अहो, कुणाशी बोलताय? घास थंड झाला." मुलगी औषधाच्या दुकानात काउंटरवर असायची, तिला थोडं इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, "बाबा, मी शिकवते की घरी." पाना म्हणाला, "एका मशीनला दोन फिटर नकोत."

एका गोष्टीवर तो अडून बसला. बाईंनी शिकवलं, केलं तर डिड, आणि केलं नाही तर डिड नॉट डू.

"हे काय?" पाना म्हणाला. "कालचंच ना? मग डिड आलं, तरी मागे पुन्हा डू कशाला?"

बाईंना उत्तर माहीत नव्हतं. शब्दकोशात कारण दिलेलं नसतं. तरी त्या म्हणाल्या, "काम केलं नाहीस ना? मग ते अजून करायचंच आहे. म्हणून तिथे डू शिल्लक."

पानाला ते पटलं. त्यानंतर तो तिथे कधी चुकला नाही.

चुकायचा तो दुसरीकडे. त्याचं कार्ड वाचता येत नसे. दिवसभर ग्रीस आणि रॉकेलमधले हात, पुसले तरी बोटांच्या रेघांतून काळं निघायचंच. अक्षरं कशीबशी चांगली यायची आणि त्यांच्यावर अंगठा पडायचा.

"हे काय आहे?" बाई कार्ड दोन बोटांत धरून विचारायच्या. "कार्ड की पायपुसणं?"

"बाई, हात तसेच असतात."

"मग धू. तिकडे बसलेला माणूस तुझा अंगठा वाचणार आहे का? काम चोख करतोस आणि कागदावर चिखल करतोस."

हे रोज. पानाच्या जिव्हारी लागायचं ते शेवटचं वाक्य. तो हात धुवायचा, साबणाने, मग भुशाने, मग पुन्हा साबणाने. मग हात ओले. मग कार्ड ओलं, शाई पसरायची. तिसरा महिना लागून आठवडा झाला तेव्हा त्याने यावर उपाय काढला.

सकाळी कामाला हात लावण्याआधी हात स्वच्छ असतात. तेव्हाच कार्ड घ्यायचं, बाकावर बसायचं, सावकाश, एकेक अक्षर नट बसवल्यासारखं बसवत लिहायचं. काय करायचंय ते माहीतच असतं. शेवटी डन. मग कार्ड सदऱ्याच्या खिशात, सदरा खिळ्याला, आणि बनियनवर कामाला लागायचं. रोलरजवळ तो सैल बाह्या कधीच ठेवत नसे. काम संपलं की हात धुवायचे, खिशातून कार्ड काढायचं, द्यायचं.

त्याला यात काही वावगं वाटलं नाही. कष्ट वाचवायला तो हे करत नव्हता. उलट अर्धा तास लवकर यायचा. पहिलं स्वच्छ कार्ड बाईंनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कसं!" पंचवीस वर्षांत कामाबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नव्हती, कारण चांगलं काम कुणाला दिसत नाही. या दोन शब्दांवर तो दहा दिवस तरंगत होता.

अकराव्या दिवशी साडूच्या मशीनचं काम निघालं. आत ओढणारा रोलर घरघरत होता. दोन्ही टोकांची बेअरिंगं बदलायची. पानाने स्विच बंद केला, किल्ली दिली, कार्ड घेतलं, बाकावर बसून लिहिलं. इतकं सुबक त्याचं अक्षर आजवर आलं नव्हतं. सदरा खिळ्याला टांगला आणि तो मशीनच्या मागच्या बाजूने आत शिरला.

साडू समोरच्या बाजूला येरझाऱ्या घालत होता. तक्त्यांचा ढीग त्याच्या कमरेपर्यंत आलेला. साडेदहाच्या सुमारास हातोडीचा आवाज थांबला. त्याला वाटलं, झालं. वाकून बघावं तर पुढून काही दिसत नाही. खिळ्यावर सदरा, खिशातून कार्डाचं टोक वर आलेलं. त्याने काढून पाहिलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण शेवटचा शब्द त्यालाही ओळखू येत होता. अडीच महिने तोच ऐकत होता. पाना हात धुवायला गेला असेल, तेवढ्यात आपणच देऊन येऊ, भावाचा एक हेलपाटा वाचेल. चांगल्या मनाने तो खिडकीशी गेला.

"बाई, किल्ली."

बाईंनी कार्ड घेतलं. मजकूर वाचला. एकही चूक नव्हती. त्यांनी मागे हात करून खिळ्यावरची किल्ली काढली, आणि जाळीपाशी आणून थांबल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"त्यानेच. अक्षर बघा की. छापल्यासारखं."

"ते बघितलं. तो कुठाय?"

"हात धुवायला गेला असेल."

"हात धुतल्याशिवाय तो लिहितच नाही हल्ली."

साडू म्हणाला, "बाई, माझा ढीग बघा कुठवर आलाय ते. तुम्ही पोलिसात भरती का नाही झालात?"

बाईंनी कार्ड उजेडाकडे धरलं. गेले दहा दिवस कार्डं स्वच्छ यायची, पण कडेला ओला ठसा असायचा. नुकत्याच धुतलेल्या हाताचा. हे कार्ड कोरडं ठणठणीत होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं. रॉकेलचा वास नाही, साबणाचा नाही. नव्या पुठ्ठ्याचा वास. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन बेअरिंगं, साडेदहा. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. पाना दुपारच्या आत दोन बेअरिंगं बसवत नाही. पाना घाई करत नाही.

बाईंनी किल्ली मुठीत घेतली, जाळीला कडी घातली आणि बाहेर आल्या. एकोणीस वर्षांत कामाच्या वेळी त्यांना खिडकीबाहेर कुणी पाहिलं नव्हतं. गुडघे दुखायचे, तरी त्या शेडची अख्खी लांबी चालत गेल्या. लोक हातातलं काम थांबवून बघायला लागले. साडू मागून "बाई, अहो बाई" करत आला.

मशीनच्या मागे दोन पाय बाहेर आलेले होते. झिजलेल्या टाचांचे बूट. बाकी माणूस आत.

"पाना."

आतून आवाज आला, "कोण? बाई? तुम्ही इथे?"

"तुझं काम झालं का?"

"एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला हात घातलाय, बेअरिंग तिरकं बसलंय. सरकवतोय. का?"

"आधी बाहेर ये. सावकाश."

तो बाहेर आला. कोपरापर्यंत काळे हात. बाईंच्या एका हातात किल्ली, एका हातात कार्ड. त्याला आधी कार्ड दिसलं, मग किल्ली दिसली, मग साडूचा चेहरा दिसला. साडू तक्त्यांच्या ढिगाला टेकून खाली बसला होता.

हा रोलर सुरू व्हायला दोन सेकंद लागतात. पानाइतकं ते कुणाला माहीत नव्हतं.

साडूच म्हणाला, "अरे, तू लिहून ठेवलं होतंस ना... मला वाटलं..."

"तुझी चूक नाही," पाना म्हणाला. "जे लिहिलं होतं तेच तू वाचलंस."

सुट्टीत तो खिडकीशी गेला तेव्हा डबा उघडलेला नव्हता. त्याने बाईंना सगळं सांगितलं. सकाळी लिहितो, का लिहितो, किती दिवस लिहितो.

"म्हणजे ती सगळी कार्डं..."

"आधी लिहिलेली. पण काम प्रत्येकाचं झालं होतं, बाई. शप्पथ."

"माहीत आहे. कामाबद्दल मी बोलतच नाहीये." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अर्धी चूक माझी. स्वच्छ हवं, स्वच्छ हवं, म्हणून मीच तुझ्या मागे लागले. काळ्या हाताचं कार्ड खरं असतं, हे मला कळायला हवं होतं. खिडकीत बसून बसून मी कागदाची झाले."

"बाई, ते कार्ड फाडून टाका."

"नाही."

"खोटं कार्ड म्हणजे कायमचं घरी. माहितीये ना? मी चढवायला जाईन. पण घरी..."

त्याच्या मागोमाग आलेला साडू म्हणाला, "बाई, कुणालाच कळलेलं नाही."

"मला कळलंय," बाई म्हणाल्या. "आणि आज मी आजारी असते, माझ्या जागी दुसरं कुणी असतं, तर उद्या ते फाडायला याचे हात नसते." त्यांनी कोपरा कापलेलं एक कार्ड आणि पेन्सिल जाळीतून बाहेर सरकवली. "काय झालं ते लिही. इंग्रजीत. मी एक अक्षर सांगणार नाही. उद्या मॅडम येतील, त्यांच्या हातात तू द्यायचंस."

"मला एकच शब्द येतो, बाई."

"मग त्या एकात बसव."

पाना बाकावर बसला. हात धुतले नाहीत. अख्खी सुट्टी गेली, वर दहा मिनिटं गेली. अर्धा वेढा कळायला जेवढं लक्ष लागलं होतं तेवढं त्याने त्या तीन ओळींना दिलं. कार्ड पहिलं डिड. काम डिड नॉट डू. तरी कार्डावर डन. कार्डाच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याचे काळे ठसे उठले. बाईंनी ते वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि परत दिलं.

त्या दिवशी तो घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. दोघी बहिणी एकाच गल्लीत राहायच्या, बातमीला चालावं लागत नसे. त्याने ताट बाजूला सारलं.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"नोकरी जाईल कदाचित."

"बोटं किती आणलीत घरी?"

"म्हणजे?"

"मोजा की. इंग्रजीत मोजा हवं तर."

"दहा."

"मग जेवा." ती ताट पुन्हा पुढे सरकवत म्हणाली. थोड्या वेळाने तिचा आवाज बदलला. "त्या बाईंना एकदा घरी बोलवा. मला त्यांच्या पाया पडायचंय."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर मॅडम आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. पानाने कार्ड दिलं. बाई खिडकी बंद करून दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मॅडमनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?"

"कुणी नाही."

"एक अक्षर नाही," बाई म्हणाल्या. "आणि मॅडम, स्वच्छ कार्डाचा आग्रह माझा होता. तोही लिहून घ्या."

मॅडमनी सगळं विचारलं, साडूला बोलावून त्यालाही विचारलं. मग म्हणाल्या, "तीन महिने तुमच्या कार्डावर दुसऱ्या फिटरची सही लागेल. त्याने मशीन बघून सही करायची. हे तुमच्या कागदांत लागणार."

"हो, मॅडम."

"आणि आजपासून सगळ्यांनी कार्ड मशीनजवळ लिहायचं, काम झाल्यावर. डाग पडले तर पडू देत. फिटर स्वतः आणेल तरच किल्ली मिळेल."

पाना उभाच राहिला. "आणि मी... फिटर?"

"ते परीक्षेत ठरेल. सगळ्यांसारखं. आठ दिवस आहेत ना?"

माफी मिळाली नाही, याचं पानाला बरं वाटलं. फुकट मिळालेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. उरलेले आठ दिवस तो खिडकीशी बसला. परीक्षेत त्याला साखळी बदलायचं काम आलं. त्याने ते केलं, चारदा हाताने फिरवून पाहिलं, आणि तिथेच जमिनीवर बसून काळ्या हाताने कार्ड लिहिलं. अकरा फिटरांत तो नववा आला. नवव्यापर्यंत पास होते. साडूने शेडभर पुठ्ठ्याचा टाय गळ्यात बांधून त्याला मिरवलं.

त्या दिवसापासून खिडकीची एक नवी रीत पडली, ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. पाना कार्ड घेऊन गेला की बाई कार्डाआधी म्हणायच्या, "हात दाखव." तो दोन्ही पंजे जाळीला लावायचा. काळे असले की कार्ड आत, किल्ली बाहेर. हळूहळू सगळ्याच फिटरांना त्या विचारू लागल्या. धुतलेले हात घेऊन आलेल्याला परत पाठवायच्या, "जा, मशीन दाखवायला मीच येते." गुडघे दुखायचे तरी जायच्या. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या, तोवर त्यांना कुणी एकदाही फसवलं नाही.

पाना त्यांच्यानंतर सहा वर्षांनी निवृत्त झाला, साठाव्या वर्षी, फिटर म्हणून. निरोपाला त्याने फक्त एका माणसाला बोलवायला सांगितलं. बाई आल्या. केस पांढरे, हातात काठी. पुढच्या खुर्चीत त्याच्या बायकोने त्यांना शेजारी बसवलं. साडूने भाषण केलं, लांबलचक, त्यात पानापेक्षा स्वतःबद्दल जास्त. मग सगळे ओरडले, "पाना, बोल! इंग्रजीत बोल!"

पाना उठला. बोलायचा त्याला सराव नव्हता. घरून काहीतरी ठरवून आला होता, ते सगळं विसरला. त्याने समोर बाईंकडे पाहिलं. मग दोन्ही हात वर केले, पंजे उघडून, बोटं लांब करून. म्हातारे, सुरकुतलेले, नखांत कायमचं काळं बसलेलं.

"हे दहा," तो म्हणाला. "हे बाईंचे."

एवढंच. हात तसेच वर राहिले. बायकोने पदर डोळ्यांना लावला.

"दिसले," बाई खुर्चीतून म्हणाल्या. "खाली घे आता. दुखतील."